साक्री ते साकोली : पाण्याच्या माणसांमागे सात दिवस

दिवस पहिला : नाशिक – सटाणा – साक्री

दादा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून घरातल्या नळाला गळती लागली तरी त्यावर अर्धा तास बोलतो. या सहलीचं खापर त्याच्यावरच फोडायला हवं. दिवाळीत नकाशा पसरून बसला होता. म्हणाला, "हे बघ, सुरतेहून नागपूरकडे जाणारा हा एकच महामार्ग. याच्यावर इकडे धुळे जिल्ह्यात साक्री आहे आणि तिकडे भंडारा जिल्ह्यात साकोली. साक्रीकडे पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर, साकोलीकडे त्याच्या दुप्पट. दोन्हीकडे जुन्या काळापासून गावानं पाण्यासाठी एक-एक माणूस नेमलेला. पण साक्रीचा माणूस साकोलीला दिला तर तो उपाशी मरेल आणि साकोलीचा साक्रीला दिला तर तिथं मारामाऱ्या होतील."

या वाक्यासाठी मी, दादा आणि वहिनी असे तिघं डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गाडीत बसलो. वहिनीची अट एकच होती, रोज एक तरी जेवण नावाजण्यासारखं हवं. ती अट पूर्ण झाली, आणि खरं सांगायचं तर काही दिवशी तेवढीच पूर्ण झाली.

नाशिक-सटाणा रस्ता द्राक्षबागांमधून जातो, त्याबद्दल सगळ्यांनी लिहून झालंय. ताहाराबादला मोसम नदीच्या पुलावर दादानं गाडी थांबवली. नदीत पाणी म्हणावं असं नव्हतं, वाळूतून चमकणारी एक दोरी होती. "एवढ्याशा पाण्यावर शेतं?" मी विचारलं. तो म्हणाला, "म्हणून तर माणूस लागतो. भरपूर असतं तर कशाला लागला असता?"

पिंपळनेरमार्गे संध्याकाळी साक्रीत पोचलो. जेवायला शेवभाजी. तर्री बघूनच वहिनीनं पदर सावरला, पहिल्या घासाला डोळ्यांतून धारा आणि तरी दुसरी वाटी मागवली. रात्री थंडी चांगलीच होती.

जाणाऱ्यांसाठी : डिसेंबरात या भागात दुपारी शर्ट पुरतो आणि रात्री कानटोपीही कमी पडते. दोन्ही जवळ ठेवा. साक्रीच्या उत्तरेला ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचं रान आहे. सूर्यास्ताला गेलात तर वाकडी वाट कारणी लागते.

दिवस दुसरा : पांझरेकाठी

सकाळी दहाला पांझरा नदीच्या काठच्या एका गावात पोचलो. गावाचं नाव मुद्दामच देत नाही. तिथल्या माणसांना पाहुण्यांची हौस आहे, पण रांग लागावी एवढी नाही. दादाच्या एका जुन्या सहकाऱ्यानं कळवून ठेवलं होतं. आम्हाला पाटकऱ्याला, म्हणजे पाटाचं पाणी शेतात सोडणाऱ्या माणसाला, भेटायचं होतं. घरासमोर उभे राहिलो तर बाईंनी दारातूनच सांगितलं, "त्या निजेल शेतस. रातले या."

दिवसाढवळ्या झोपलेला माणूस भेटायला आम्ही पावणेदोनशे किलोमीटर आलो होतो. दादा ओशाळला. "मला लक्षात यायला हवं होतं. पाणी रात्रीही चालतं."

दिवस मग बंधारा आणि पाट बघण्यात गेला, आणि ते बरंच झालं. रात्री जे दिसलं ते समजायला हा दिवस लागलाच असता. 'फड' ही खानदेश-बागलाणची सामूहिक सिंचनाची पद्धत तीन-चारशे वर्षांची आहे. पांझरा, मोसम, आरम अशा तापी खोऱ्यातल्या नद्यांवर दगडी बंधारे घातलेले, त्यांच्या बगलेतून पाट काढलेला, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग, म्हणजे शेतापर्यंतच्या बारक्या वाटा. पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे पाडलेले असतात, तेच फड. एका फडात सगळ्यांचं पीक एकच. एकात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडाच ठेवायचा.

मला आधी हा हुकूमशाहीचा मामला वाटला. माझ्या शेतात मी काय पेरायचं ते गाव कोण ठरवणार? पण आमच्यासोबत पाटावर आलेल्या एका आबांनी हातातल्या काठीनं मातीत चार चौकोन काढले आणि प्रत्येकात एकेक बारीक पट्टी ओढली. "हाई मनी. हाई बी मनी. हाई बी." त्यांची जमीन एका जागी नव्हतीच. प्रत्येक फडात थोडी-थोडी, आणि तशीच बाकीच्यांचीही. म्हणजे दुष्काळात एक फड कोरडा ठेवला तर एकाचंच शेत उजाड होत नाही, सगळ्यांची एकेक पट्टी जाते. आणि पीक एकसारखं असल्यामुळे पाण्याची पाळीही एकसारखी. तुझ्या उसाला पाणी, माझ्या गव्हाला नको, हा वाद उभाच राहत नाही.

दादा खाली बसून त्या चार चौकोनांकडे बराच वेळ बघत होता. खात्यात असताना त्यानं पाणीवाटपाच्या तंट्यांच्या किती फायली चाळल्या असतील, कोण जाणे.

या सगळ्याला माणसं किती लागतात ते आबांनी बोटांवर मोजलं. पाणी शेतात सोडणारा पाटकरी. पाटावर फिरून फुटतूट, चोरी बघणारा हवालदार. उभ्या पिकाची गुरांपासून आणि चोरांपासून राखण करणारा जागल्या. वर पंच. पावसाळा सरला की पाटातला गाळ काढायला घरटी एक माणूस, किंवा त्याच्या बदल्यात पैसे. पूर्वी पाटकरी-जागल्याला धान्य मिळायचं, आता रोख. नियम एकच, आणि तो कडक : शेतकऱ्यानं स्वतः चारी फोडायची नाही. पाणी तुमच्या बांधापर्यंत आलंय, तुमचं पीक सुकलंय, फावडं तुमच्या हातात आहे, तरी चारीला हात लावायचा नाही. तो पाटकऱ्याचा.

रात्री नऊला पुन्हा गेलो. पाटकरी आता जागा होता. पन्नाशीचा, सडपातळ, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्यावर बॅटरी बांधलेली. चहा घेतला आणि न बोलता चालायला लागला. आम्ही तिघं मागे. गव्हाच्या वाफ्यांत पाणी उतरत होतं. त्यानं फावड्याच्या दोन फटक्यांत एक तोंड बंद केलं, पुढचं उघडलं. घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही. दादानं विचारलं, "वाफा भरला हे अंधारात कसं कळतं?" तो म्हणाला, "आवाज बदलस." आम्ही कान दिले. रिकाम्या वाफ्यात शिरणारं पाणी खळखळत होतं, भरत आल्यावर ते हळूहळू गप्प होत गेलं. पंचवीस वर्षं पाण्याची गणितं केलेल्या दादाला हे कोणी शिकवलं नव्हतं.

मी विचारलं, "तुमची स्वतःची शेती कुठल्या फडात?"

"मनी या फडमा जमीन नही, ताई. म्हनीसन ते मले ठेयेल शे."

हे उत्तर पुढचे पाच दिवस माझ्या डोक्यात फिरत राहिलं. ज्याला त्या पाण्यात काहीच मिळवायचं नाही त्याच्या हातात पाणी. टंचाई असली की गाव असाच माणूस शोधणार. शेजाऱ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. शेजाऱ्याला मोहात पाडायचं नाही, म्हणून. अर्थात सगळीकडे असंच असेल असं मी म्हणत नाही. हे त्या एका गावातलं, त्या एका माणसाचं उत्तर.

साडेअकराच्या सुमाराला उसाच्या फडाकडून काहीतरी खसफसलं. पाटकऱ्यानं बॅटरी तिकडे वळवली आणि शांतपणे बिबट्याबद्दल एक वाक्य बोलला. वहिनी गाडीकडे किती वेगानं गेली ते मी लिहू नये असं तिनं बजावलंय.

जुन्या बंधाऱ्यांपैकी आज फड पद्धत पूर्ण चालते असे थोडेच. वर धरणं झाली, नदीचं वाहणं बदललं, आणि घरोघर विहिरी-मोटारी आल्या. विहीर आली की माणूस स्वतःच स्वतःचा पाटकरी होतो, बटण दाबलं की झालं. आमच्या पाटकऱ्याचा मुलगा सुरतेला असतो. तो परत येऊन फावडं घेणार का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

जाणाऱ्यांसाठी : फड बघायचा तर रब्बीत, आणि आधी गावातल्या कुणाला तरी कळवून. रात्री पाटावर एकट्यानं फिरू नका. बंधाऱ्याची भिंत सकाळच्या उन्हात बघा, दगड-चुन्याचं जुनं काम तेव्हाच नीट दिसतं.

दिवस तिसरा : धुळे – जळगाव – भुसावळ – अकोला

दिवसभर गाडी. भुसावळच्या अलीकडे दादाच्या ओळखीच्या शेतावर भरीत होतं, तेवढंच लिहिते. मोठी हिरवी-पांढरट वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजली होती. लाकूडफाटा या भागात फारसा नाही आणि कपाशी उपटली की पऱ्हाट्या ढिगानं असतात, म्हणून विस्तव त्यांचा. धूर वांग्यात असा मुरतो की घरच्या गॅसवर ती चव येणं शक्य नाही. मग लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर ठेचायचं, कळण्याच्या भाकरीशी खायचं. भाजायला बसलेले काका दरवर्षी तेच असतात म्हणे. काड्यांचा जाळ क्षणात भडकतो, क्षणात विझतो. कुठलं वांगं कधी फिरवायचं ते बाकी कुणाला जमत नाही. "हेही एक पदच आहे," दादा पुटपुटला. वहिनी म्हणाली, "तुम्ही जेवा आधी."

दिवस चौथा : पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात

अकोल्यात थांबलो ते खारपाणपट्टा बघायला. अकोला, बुलडाणा, अमरावती या तीन जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना काळ्याभोर, खोल मातीचा हा पट्टा पसरलाय. माती बघून कुणालाही हेवा वाटावा. खाली पाणीही आहे, फक्त ते खारं आहे. प्यायला तर नाहीच, पिकाला दिलं तर काही वर्षांत जमीनच बिघडते.

अकोटच्या रस्त्याला एका गावात पारावर बसलो. तिथल्या एका बावाजींना मी पाणाड्याबद्दल विचारलं. नाशिककडे विहीर खोदण्याआधी पाणाड्याला बोलावणं अजून सुटलेलं नाही. माझ्या माहेरी उंबराची दोनटोकी काडी हातात घेऊन फिरणारे एक गृहस्थ होते, त्यांना गुरुजींपेक्षा जास्त दक्षिणा मिळायची. पाणी लागलं तर त्यांचं श्रेय, नाही लागलं तर आमचं नशीब. त्या काडीत काही अर्थ नाही हे मला ठाऊक आहे, पण खडकाळ मुलखात लाखभर रुपये जमिनीत पुरण्याआधी माणसाला कुणाच्या तरी तोंडून 'इथं' हा शब्द ऐकायचा असतो.

बावाजी हसले. "इथं पानाड्या कायले पायजे? जिथं खंदाल तिथं पानी हाये. पन डोयातल्यासारखं."

डोळ्यांतल्यासारखं! मी वहीत लिहून घेतलं. पाणाड्या हा माणूस खडकाचा आहे, हे त्या पारावर बसेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. जिथं पाणी कुठं लागेल हे कळत नाही तिथंच त्याचं पोट भरतं. इथं पाणी कुठं आहे हा प्रश्नच नव्हता. गोडं कुठून आणायचं, हा होता.

त्याचं उत्तर आता नळानं येतं. वाण धरणावरून या भागातल्या गावांना पाणी देणारी ८४ खेडी योजना आहे. नळ आला म्हणजे माणूस गेला, असं मी समजत होते. तेवढ्यात खांद्यावर लांब दांड्याची, इंग्रजी टी अक्षरासारखी लोखंडी चावी घेतलेला एक तरुण आला आणि पार हलला. दोघी बायका पदर खोचून पुढे झाल्या. "काऊन रे भाऊ, आमच्या गल्लीले आज येनार का नाही?" तो पंचायतीचा नळवाला. व्हॉल्व्ह कुठल्या गल्लीला किती वेळ उघडायचा, ते त्या चावीवर.

एका काकूंनी मला कोपरखळी मारली. "सरपंच बदलते, हा नाही बदलत. लग्न असलं त् पयली पत्रिका देवाले, दुसरी याले."

दादानं त्याच्याशी अर्धा तास गप्पा मारल्या. उताराकडच्या गल्लीला दाब जास्त येतो म्हणून तिला वेळ कमी, चढावरच्यांना जास्त. हे कुठल्या कागदावर नाही, त्यानं भांडणं ऐकून-ऐकून बसवलंय. आणि तो राहतो कुठे? "चढावर," तो म्हणाला आणि जीभ चावली. साक्रीच्या पाटकऱ्याचं वाक्य मला इथं आठवलं, आणि काकूंच्या चेहऱ्यावरून वाटलं की त्यांनाही ते पटलं असतं.

दुपारी त्याच काकूंकडे जेवलो. ज्वारीची भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, ठेचा. पाण्याचा तांब्या समोर ठेवताना म्हणाल्या, "घ्या, नळाचं हाये." आमच्याकडे पाहुण्याला चहा झाला का विचारतात तसं ते वाक्य होतं.

जाणाऱ्यांसाठी : या पट्ट्यात पाऊस होऊन गेला असेल तर डांबरी रस्ता सोडू नका. काळी माती चाकाला अशी धरते की ट्रॅक्टरशिवाय सुटका नाही. आणि कुणाच्या घरी पाणी प्यायलात तर तांब्यात अर्धं टाकून देऊ नका.

दिवस पाचवा : अकोला – अमरावती – नागपूर – साकोली

साडेतीनशे किलोमीटर. अमरावतीपर्यंत धुकं, नागपुरात सावजी जेवण (वहिनीची अट, पुन्हा डोळ्यांतून धारा), भंडाऱ्यापाशी वैनगंगेवर सूर्य मावळला. पुलाच्या पुढे मुलूखच बदलतो. कपाशी-तूर संपून कापलेल्या धानाची खुंटं, मधूनमधून आरशासारखे तुकडे. तळी. एक संपतं न संपतं तोच दुसरं. दादा मोजायला लागला आणि बाराव्यावर सोडून दिलं.

दिवस सहावा : नवेगावबांध आणि मामा तलाव

सकाळी कोहमाऱ्याहून उजवीकडे वळून नवेगावबांधला गेलो. हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानतात. भोवती सात टेकड्या, त्या सातबहिणी. त्यांनी बांधाला मदत केली अशी कथा आहे आणि कोलू पाटील आता कोलासूर देव म्हणून पुजले जातात. बंधारा घालणारा माणूस देव झाल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते. दादानं मात्र चप्पल काढून हात जोडले. "माझ्या खात्यात एवढा मान कुणाला मिळाला नाही," म्हणाला. पाण्यावर बदकांचे थवे होते, धुक्यात नुसते आवाज यायचे. त्या एका तासाबद्दल जास्त लिहीत नाही, शब्द कमी पडतात.

दुपारी साकोलीजवळच्या एका गावात, ज्यासाठी आलो होतो ते. पूर्व विदर्भात असे जुने तलाव सुमारे सात हजार आहेत. गोंड राजांच्या काळात जंगल तोडून तलाव बांधणाऱ्याला जमिनीचे हक्क मिळायचे. कोहळी लोक त्यात वाकबगार, नजरेनं जमिनीचा उतार ओळखणारे. एका तलावाच्या सांडव्याचं पाणी खालच्या तलावात उतरेल अशा बेतानं त्यांनी साखळ्या बांधल्या. पुढे हे तलाव मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे आले. मालगुजारी १९५० च्या कायद्यानं रद्द झाली, तलाव सरकारकडे गेले आणि बहुतेक पुढे जिल्हा परिषदेकडे. कागदोपत्री ते 'माजी मालगुजारी तलाव'. त्याची आद्याक्षरं घेऊन झाले 'मामा तलाव'. वहिनीला हे इतकं आवडलं की दिवसभर प्रत्येक तळ्याला ती "मामा, येतो हं" म्हणत होती.

पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मोहाची आणि आंब्याची जुनी झाडं. एका टोकाला सलंग, म्हणजे जादा पाणी जाण्याची वाट. मध्ये तुडूम, पाणी सोडण्याचं तोंड, बुचं लावलेलं. बूच काढायचं आणि लावायचं काम पाणकराचं. पन्नाशीच्या आतबाहेरचे, भरघोस मिशांचे, आवाज असा की पाळीवरून हाक मारली तर पलीकडच्या काठाला ऐकू जावी.

"वर्षातून किती दिवस काम?" दादानं विचारलं.

"हस्त-चित्राचे पंधरा-वीस दिस जी. पाऊस रुसला तर. नाही रुसला तर तेही नाही."

सारा फरक इथंच होता. पांझरेचं पाणी वाहतं, आज घेतलं नाही तर गेलं, म्हणून तिथला माणूस हिवाळाभर रात्री जागतो. इथं पाणी थांबलेलं आहे. पावसाळ्यात ते साठतं, धानाला पोटरी धरताना पावसानं दगा दिला तरच सोडायचं. इथं माणसाला जागं राहायचं नाही, थांबून राहायचं आहे. लोक येऊन म्हणतात, सोड, माझं धान वाळतंय. तो म्हणतो, अजून चार दिवस बघू. चार दिवसांत पाऊस आला तर पाणी वाचलं, नाही आला तर सगळ्या गावाच्या शिव्या. हातात फावडं नाही, नुसता नकार. आणि तो नकार ऐकून घेतला जाईल असा माणूस पाहिजे. पाणकर गावातले शेतकरीच, त्यांची जमीनही याच तलावाखाली. "कुठं?" मी लगेच विचारलं. त्यांनी लांब बोट केलं. सगळ्यात शेवटी, पाणी पोचतं ती शेवटची बांधी, म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत. टोकाला पाणी पोचलं म्हणजे मधल्या सगळ्यांना मिळालं, याचा हिशोब वेगळा ठेवायलाच नको.

दादाला मी विचारलं, हे ठरवून केलं असेल का? तो म्हणाला, "ठरवून केलं असतं तर शासन निर्णय असता." गेल्या वर्षी तो लडाखला गेला होता. तिथं बर्फाचं पाणी वाटणाऱ्याला चुरपोन म्हणतात. त्याला तिथंही भेटून आला म्हणे, आम्हाला तेव्हा फक्त पँगाँगचे फोटो दाखवले होते.

तलावात कमरेइतक्या पाण्यात ढिवर समाजाच्या काही बायका होत्या. आम्हाला वाटलं मासे धरतायत. त्या बेशरमाची झुडपं उपटत होत्या. बेशरम माजला की काठ बुजतो आणि माशांना अंडी घालायला जागा उरत नाही. त्यातल्या एकीनं मला पाण्याखालच्या वनस्पती हातात धरून दाखवल्या. कुठलीत मरळ मासा दडतो, कुठली वाघूर माशाला आवडते. पाणकराला तुडूम ठाऊक, हिला तळ ठाऊक. पाणी किती आहे ते तो सांगतो आणि कसं आहे ते ही. पण गावाच्या सभेत बोलावणं कुणाला येतं, हे विचारल्यावर ती पुन्हा बेशरम उपटायला लागली.

निघताना पाणकर म्हणाले, "रात्री थांबा जी. नाटक हाये."

धान घरात आलं की होळीपर्यंत झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भाच्या मुलखात, नाटकांचा हंगाम. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, वडसा हे त्याचं मोठं केंद्र. आधी इथं दंडार ही लोकनाट्याची परंपरा होती, मग ही रंगभूमी उभी राहिली. शेत मोकळं, हात मोकळे, रात्री लांब. आम्ही दहाला मंडपात जाऊन बसलो. चारी बाजूंनी माणसं, शाली, शेंगा, झोपलेली पोरं. पडदा वर गेला, गाणं झालं, विनोदी प्रवेश झाला आणि मग एक मिशाळ जमीनदार गडगडाटी हसत आत आला. वहिनीनं माझा दंड धरला. पाणकर! हिवाळ्यात ते खलनायक असतात. गोरगरिबांचं पाणी तोडणाऱ्या जमीनदाराला मंडपातून शिव्या पडत होत्या आणि ते त्या चवीनं झेलत होते. दादा म्हणाला, "सराव आहे त्यांना." नाटक पहाटे चारपर्यंत चाललं, दादा दोन वाजता घोरायला लागला.

जाणाऱ्यांसाठी : झाडीपट्टीचं नाटक बघायचं तर दिवाळीनंतर होळीच्या आत जा, जाडजूड ब्लँकेट न्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा कुठलाही बेत ठेवू नका. जेवणात भात आणि लाखोळीच्या डाळीचं काही मिळालं तर सोडू नका. धान कापायच्या आधी त्याच ओलीत लाखोळी फेकतात, वेगळं पाणी लागत नाही.

दिवस सातवा : साकोली

परतीच्या आधी पाणकरांना भेटून निरोप घ्यावा, नाटकाचं कौतुक करावं, आणि दादाला तुडूमाच्या बुचाचं माप घ्यायचं राहिलं होतं, म्हणून दहाला पुन्हा गावात गेलो. अंगणात धान वाळत होतं. बाई सूप घेऊन बसल्या होत्या. आम्हाला बघून हसल्या आणि बोट ओठांवर ठेवलं.

"निजले हायेत जी. सांजेले या."